नवी गाडी, पहिला पाऊस आणि भिजलेली गादी

प्रश्न : काका, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. फेब्रुवारीत नवीन कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी घेतली, चेसिस म्हणजे खालचा सांगाडा शोरूममधून आणि वरचं सगळं काम एका बॉडीवाल्याकडून, मिळून 28 लाख गेले. एप्रिलमध्ये दापोलीला जाऊन आलो, मस्त झालं. जूनमध्ये पाऊस लागला आणि पार्किंगला नुसत्या उभ्या गाडीत पलंगाची डोक्याकडची गादी भिजली. बॉडीवाल्याने दोनदा माणूस पाठवून वरून सिलिकॉन मारलं, परत तेच. आता म्हणतो, मॅडम पावसाळ्यात एवढं होतंच, दिवाळीनंतर आणा. डावीकडची भिंत आतून दाबली की मऊ लागते आणि बाहेरून शीटला फुगा आलाय. खरंच एवढं चालतं का?

उत्तर : नाही चालत. आणि दिवाळीपर्यंत तर अजिबात थांबू नका, हे पहिलं सांगतो आणि मग कारण सांगतो. तुमच्या गाडीची भिंत म्हणजे सँडविच असतं, बाहेर शीट, मध्ये फोम आणि लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आत प्लाय, आणि हे सगळं एकमेकांना गोंदाने धरलेलं असतं. बाहेर फुगा आला म्हणजे तिथला गोंद सुटलाय, आत मऊ लागतंय म्हणजे प्लाय पाणी प्यायलाय. हे गेल्या आठवड्यातलं पाणी नाही, एप्रिलमध्ये गाडी वॉशिंगला दिली असेल तेव्हापासून थोडं थोडं मुरत आलं असणार. अजून चार महिने तसंच ठेवलंत तर तिथला प्लाय हाताने चुरा होईल, आणि मग दुरुस्ती म्हणजे सीलंट नाही, अख्खी भिंत.

मी रबाळ्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं बॉडीचं काम केलंय त्यामुळे आतलं सांगतो, म्हणजे तुम्हाला समोरच्याशी बोलता येईल. शेडमध्ये गिऱ्हाईक येऊन काय बघतं तर सनमायका बघतं, एलईडी पट्ट्या बघतं, गादीचं कापड बघतं. छताला लाइटसाठी भोक पाडलं, त्यातून वायर घातली, तिथे ग्रोमेट, म्हणजे वायरभोवतीची रबरी रिंग, बसवलं की नाही हे कुणी बघत नाही कारण ते वर असतं आणि झाकलेलं असतं. डिलिव्हरीची तारीख जवळ आली की घाई नेमकी अशाच जागी होते. माझ्या हातूनही हे झालंय. एका गाडीच्या मागच्या वरच्या दिव्याचं भोक तसंच सीलंटशिवाय राहिलं, पार्टी जुलैमध्ये परत आली, पॅनल उघडलं तर आतला प्लाय ओल्या भुशासारखा खाली पडला. त्या कुटुंबातल्या आजींना दम्याचा त्रास होता आणि गाडीत बुरशीचा वास होता. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं, आणि पुढची सगळी वर्षं पाण्याची टेस्ट झाल्याशिवाय मी एकही गाडी बाहेर सोडली नाही.

आता सिलिकॉनचं. वरून सिलिकॉन मारणं ही दुरुस्ती नाहीच. खिडकी, हॅच म्हणजे छतातली उघडती खिडकी, एसी, सोलरचा ब्रॅकेट, जे काही छताला किंवा भिंतीला बसतं त्याच्या कडेखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी हवी, मग स्क्रू, मग कडेने पीयू (पॉलियुरेथेन) किंवा छतासाठी मिळतं ते खास सीलंट. गाडी रस्त्यावर पिळते, उन्हात शीट पसरतं, रात्री आकसतं, गायमुखच्या घाटातले खड्डे तर तुम्हाला सांगायला नकोत, त्यामुळे सांधा लवचिक लागतो. नुसतं सिलिकॉन काही दिवसांनी कडेने सुटतं, आणि वर त्याचा वाईट गुण असा की एकदा ते लागलं की त्याच्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. म्हणजे आता आधीचे दोन थर पूर्ण खरवडून, पुसून काढायचे आणि मग नव्याने सुरुवात. तिसऱ्यांदा कुणी ट्यूब घेऊन आला तर त्याला वर चढू देऊ नका.

पाणी जिथे टपकतं तिथून ते आत येतंच असं नाही. छताच्या पुढच्या हॅचमधून शिरतं, आतल्या पट्टीवरून चार-पाच फूट वाहत जातं आणि जिथे स्क्रू भेटेल तिथे टपकतं. म्हणून शोधायचं ते असं : पाऊस नसलेल्या दिवशी नळी घ्या, पाणी खालून सुरू करा आणि हळूहळू वर न्या, प्रत्येक खिडकी किंवा सांध्यावर दहा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन आणि संशयाच्या जागी टिश्यू पेपर चिकटवून. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओलं होतं आणि काही कळत नाही. प्रेशर पंप नको, त्याने चांगला सांधाही उघडतो. दुसरी पद्धत म्हणजे गाडीचे सगळे व्हेंट टेपने बंद करून आत ब्लोअरने हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी मारायचं, जिथे बुडबुडे तिथे भोक. याला ब्लोअर चांगला लागतो पण निकाल पक्का येतो.

भिंतीसाठी एक मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र घ्या, साधं मिळतं, फार महाग नाही. कोरड्या भिंतीवर आकडा घ्या, मग डावीकडच्या भिंतीवर एक एक फुटावर घेत जा आणि पेन्सिलने तिथेच लिहा, तारीख टाका, फोटो काढा. पंधरा दिवसांनी परत. ही नोंद तुम्हाला पुढे फार उपयोगी पडेल.

आणि आता बोलणं फोनवर नको, लेखी करा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल पण एक ईमेल आणि एक स्पीड पोस्ट जाऊ द्या : अमुक तारखेला पाणी आलं, अमुक दोन तारखांना तुम्ही सिलिकॉन मारलं, तरी चालू आहे, भिंत फुगली आहे, भिंत उघडून दुरुस्ती करून द्या, इतक्या दिवसांत. नाही ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, बऱ्याचदा तेवढ्यावर समोरचा जागा होतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची तक्रार तिथेच चालते, 20 ते 50 लाखांच्या गटाला फी 1000 रुपये आहे, आणि 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, बॉडीवाला कुठला का असेना. मुदत 2 वर्षं आहे. दोष तपासण्यासाठी वस्तू लॅबकडे पाठवायचा अधिकारही आयोगाला आहे, म्हणून भिंत स्वतःच दुसऱ्याकडून उघडून टाकू नका, आधी नोटीस, मग फोटो-व्हिडिओसकट उघडणं. शक्यतो बॉडीवाल्याच्या माणसासमोर.

तोपर्यंत गादी बाहेर काढा, आतली पट्टी खोलता येत असेल तर खोला आणि पंखा लावून ठेवा. आणि ताई, भिजलेल्या कोपऱ्यावरून वायरिंग जातंय का ते आजच बघा, जात असेल तर त्या लाइनचा फ्यूज काढून ठेवा.

प्रश्न : मी सीवूड्सला राहतो, निवृत्त आहे. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने कोरा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर घेतला. पहिल्याच ट्रिपला बाथरूमखाली पाणी, एक कपाट सुटून पडलं, आता दोन महिने ट्रेलर डीलरच्या अंगणात पडून आहे आणि हप्ते चालू. मला वाटायचं तिकडे असं नसतं. त्याला काय सांगू?

उत्तर : आपल्या मुलाचं नशीब वाईट आहे असं काही नाही, हे तिकडेही बऱ्याच जणांबरोबर होतं. अमेरिकेतल्या या गाड्यांपैकी बहुतेक इंडियाना राज्यात, एल्कहार्ट नावाच्या एकाच भागात बनतात. करोनाच्या काळात लोकांना हॉटेल नको झालं आणि मागणी एकदम चढली, 2021 मध्ये तिथल्या कारखान्यांनी 6 लाखांवर गाड्या पाठवल्या, तो विक्रम आहे. तिथे बऱ्याच कारखान्यांत कामगारांना नगावर पैसे मिळतात, लवकर संपवलं की लवकर घरी. बांधणी म्हणाल तर बारीक लाकडी चौकट, पातळ प्लाय आणि स्टेपलच्या पिना, वजन कमी ठेवायचं म्हणून. कपाट सुटतं ते त्यामुळे, स्क्रू चौकटीत न जाता नुसत्या पातळ प्लायमध्ये गेलेला असतो.

दारापाशी इंडस्ट्रीचा जो शिक्का असतो त्यावर फार विसंबू नये. तो आग, गॅस, नळकाम, वीज यांच्या सुरक्षेच्या नियमांचा आहे, कारागिरी चांगली आहे असं तो म्हणत नाही. लेमन लॉ, म्हणजे सदोष नव्या गाडीसाठी ग्राहकाला दाद देणारा कायदा, तिकडे प्रत्येक राज्याचा वेगळा आहे आणि ओढून न्यायचे ट्रेलर बऱ्याच राज्यांत त्यात बसत नाहीत, तेव्हा त्याने आपल्या राज्याचा कायदा वाचावा. पण 1975 चा मॅग्नुसन-मॉस नावाचा केंद्राचा वॉरंटी कायदा आहे, लेखी वॉरंटी दिली आणि पाळली नाही तर वकील त्याचा आधार घेतात. ट्रेलरचा व्हीआयएन, म्हणजे 17 अक्षर-अंकांचा ओळख नंबर, तिकडच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ते मॉडेल दुरुस्तीला परत बोलावलंय का, तेही बघावं, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ट्रेलर घरी आला की छताचं सीलंट दर तीन महिन्यांनी बघून फोटो ठेवायला सांगा, नाहीतर मालकाने निगा ठेवली नाही म्हणून वॉरंटी नाकारली जाते.

एवढ्या लांबून मुलाचं टेन्शन घेणं किती अवघड असतं ते मला कळतं. त्याला एवढं नक्की सांगा की डीलर "तयार आहे" म्हणाला तरी सही करण्याआधी ट्रेलर तिथेच पाणी आणि विजेला जोडून, सगळे नळ सोडून दोन तास आत बसायचं. खालची जमीन हाताने चाचपायची.

प्रश्न : खारघरला राहतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून डोक्यात आहे, एक गाडी बनवून भाड्याने द्यायची. घेताना काय बघू?

उत्तर : तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही, फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तरच सूट आहे. म्हणजे गाडी खराब निघाली तर तुमचं संरक्षण तुमचा करारच. त्यात लिहून घ्या : शेवटचे 20 टक्के पैसे पाण्याच्या टेस्टनंतर आणि 500 किलोमीटर चालवल्यानंतर. तयार होत असताना दर आठवड्याला शेडवर जाऊन भिंती बंद व्हायच्या आधी वायरिंगचे फोटो काढायचे हेही लिहून घ्या. जो याला नाही म्हणेल त्याच्याकडे काम देऊ नका.

गाडी आरसीवर मोटर कॅराव्हॅन म्हणूनच नोंदलेली हवी, त्यासाठी एआयएस-124 हे स्टँडर्ड आहे. साधी व्हॅन पास करून मागून पलंग ठोकायचा हा प्रकार मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये, म्हणजे गाडीत बेकायदा फेरफार करण्याच्या कलमात अडकतो, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिलं तेच काढते. पाण्याच्या टाक्या भरून, सामान आणि माणसं घालून एकदा वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा मोजा. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, हे डिझाइन करणारेच विसरतात. इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 2000 वॅटचा असेल तर 165 अँपिअरच्या वर करंट जातो, तिथे बारीक वायर दिसली तर तिथेच थांबवा, आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गॅसच्या कप्प्याला खाली जाळी हवी कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साठतो.

प्रश्न : कळव्याला सोसायटीत उघड्यावर गाडी ठेवतो. पावसाळाभर निळी ताडपत्री बांधून ठेवली तर?

उत्तर : घट्ट बांधू नका. आत घाम धरतो आणि वाऱ्याने ताडपत्रीच्या कडा घासून सीलंट उचललं जातं. वरून बांबूचा नाहीतर पाइपचा आडोसा करून गाडीपासून फूटभर उंच ठेवा, गाडी एका बाजूला थोडी कलती उभी करा म्हणजे छतावर पाणी साचणार नाही, आणि पाऊस उघडला की हॅच तासभर उघडा. गाडीच्या छतावर झाडाची पानं पडत असतील तर ती आठवड्याला काढत जा, पाणी त्यांच्याखालीच धरून राहतं.