लढाईच्या जागी मेलेल्या सैनिकांची भुतं असतात का? मित्राने पावनखिंडीत आवाज ऐकले म्हणतो, त्याला खोटं म्हणू का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. जुलैमधल्या ट्रेकला तुमच्या मित्राने रात्री पावनखिंडीत माणसांचा कल्लोळ ऐकला, लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज ऐकले, ही एक. ते आवाज १६६० साली बाजीप्रभूंबरोबर लढताना तिथे पडलेल्या बांदल मावळ्यांचे होते, ही दुसरी. पहिली मी सरळ मानतो. दुसरी मानत नाही. आणि मित्राला खोटारडा ठरवण्याची तर काहीच गरज नाही.

ती खिंड मी पावसाळ्यात रात्रीही पाहिली आहे आणि दिवसाही. दोन्ही बाजूंना कातळ, मधून ओढा, आणि आषाढात त्या ओढ्याला असं पाणी येतं की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पाण्याचा आवाज एका कातळावर आपटून दुसऱ्यावर जातो आणि तो नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. बॅटरी विझवून पाच-दहा मिनिटं गप्प उभे राहा. आधी नुसता घोष ऐकू येतो. मग त्यात चढउतार जाणवायला लागतात, मग कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय असं वाटतं. मला तिथे एकदा स्वतःचं नाव ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट. मिक्सर चालू असला की आत फोन वाजल्यासारखा वाटतो, तोच प्रकार. सलग गोंगाटात माणसाचा कान ओळखीचं काहीतरी शोधत राहतो, आणि माणसाचा आवाज त्याला सगळ्यात आधी सापडतो. त्यात आपण पन्हाळ्यापासून बाजीप्रभूंचीच गोष्ट ऐकत चाललेलो असतो. डोक्यात जे भरलेलं असतं तेच कानात उतरतं.

राहिला लोखंडाचा आवाज. खिंडीत उतरायला लोखंडी शिडी आहे. त्या मोसमात रात्री-अपरात्री एकामागून एक गट तिथून उतरत असतात, हातात टोकाला धातू बसवलेल्या काठ्या असतात, आणि ओल्या शिडीवर काठी आपटली की खण्ण असा आवाज येतो. धुक्यात माणूस दिसत नाही, आवाज मात्र येतो. मित्राने हेच ऐकलं असेल असा माझा दावा नाही, पण तलवारींपर्यंत जाण्याआधी शिडीचा विचार व्हायला हवा.

आणखी एक. पन्हाळ्याहून महाराज रात्री निसटले, हे खरं. पण खिंडीतली झुंज झाली ती दुसऱ्या दिवशी, १३ जुलैला, उजेडात. पानिपतही सकाळी सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत संपलं. मग या सैनिकांचे आवाज भर दुपारी का येत नाहीत? रात्री ऐकणाऱ्याचे डोळे निकामी झालेले असतात आणि सगळा भार कानावर येतो, हे त्याचं साधं उत्तर मला पटतं.

मित्राला झालेला भास खरा आहे असं मी म्हणतो, त्यालाही आधार आहे. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबरोच्या जमिनीखालच्या तळघरांत शेकडो लोकांना फिरवलं आणि कुणाला कुठे काय वाटलं याची नोंद ठेवली. २००३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. भुताटकीसाठी बदनाम असलेल्या जागांवरच लोकांना विचित्र अनुभव जास्त आले, आणि त्या जागा बदनाम आहेत हे आधीपासून ठाऊक नसलेल्यांनाही आले. म्हणजे सगळे जण ऐकीव गोष्टीच उगाळत नव्हते. त्या जागांमध्येच काहीतरी होतं. तपासलं तेव्हा उजेड कमी-जास्त असणं, छताची उंची अशा साध्या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. जागा अंगावर येते, हे अगदी खरं आहे. ती कशामुळे येते, एवढाच काय तो वाद.

आता थोडा विश्वासाच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू मला फार जवळची आहे आणि इंटरनेटवर तिची मोडतोड चाललेली पाहून वाईट वाटतं. खिंडीजवळच्या एका वाडीत आम्ही मुक्कामाला होतो. आमच्यातल्या एका मुलाने घरातल्या आजींना विचारलं, "आजी, इथे बाजींचं भूत दिसतं का हो?" आजी चुलीपुढून उठून आल्या आणि त्याच्यावर चांगल्याच उखडल्या. "भूत व्हायला त्यांचं काय राहिलं होतं रे? राजा गडावर पोचला, तोफा ऐकल्या, मग जीव सोडला. असा माणूस भूत होतो होय? देव होतो तो."

या एका उत्तरात आपल्याकडची जुनी समजूत पूर्ण आली आहे. आपल्या लोककथांमधली भुतं आठवून बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंधाचा जीव पैशाअडक्यात अडकलेला, गिऱ्हा पाण्यात बुडालेल्याचा. सगळ्यांचं काही ना काही अर्धवट राहिलेलं. ती राहतात पिंपळावर, विहिरीत, ओढ्याच्या वळणावर. रणांगण या यादीत जवळजवळ नाहीच. लढता लढता पडलेला माणूस आपल्याकडे वीर होतो. देव्हाऱ्यात त्याचा टाक बसतो, शिमग्यात काही घराण्यांत वीर नाचवतात, आणि गावाबाहेर त्याचा दगड उभा राहतो.

असा वीरगळ कधी जवळ बसून नीट पाहा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, तिथेच आडवा पडलेला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी धरून त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळ एकसरला तर वल्ही मारणाऱ्या जहाजांची अख्खी समुद्री लढाई अशा दगडांवर कोरलेली आहे. दगड खालून वर वाचायचा असतो, आणि त्यात मेलेला माणूस मागे रेंगाळायला जागाच ठेवलेली नाही. पंचांगातही पितृपक्षातल्या चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध वेगळं दिलेलं असतं. ज्यांनी ही सगळी सोय लावली त्यांच्या डोळ्यांपुढे रणात मेलेल्याचं काय होतं याचं चित्र स्वच्छ होतं. तलवार घेऊन रात्रभर किंचाळत फिरणारा मावळा हे अलीकडच्या व्हिडिओंचं पीक आहे. मी नास्तिक असून सांगतो, त्या आजींच्या श्रद्धेपुढे हे व्हिडिओ मला फार उथळ वाटतात.

बाहेरच्या देशांत मात्र रणांगणावरच्या भुतांची परंपरा जुनी आहे. मॅरेथॉनची लढाई इसवी सनापूर्वी ४९० ची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा ग्रीक प्रवासी लिहून गेला की त्या मैदानात रोज रात्री घोड्यांचं खिंकाळणं आणि माणसं लढत असल्याचे आवाज येतात. मध्ये सहाशेहून जास्त वर्षं गेलेली! इंग्लंडमध्ये एजहिलची लढाई २३ ऑक्टोबर १६४२ ला झाली आणि दोन-तीन महिन्यांत एक पत्रक छापून आलं, की नाताळच्या सुमारास तीच लढाई आकाशात पुन्हा होताना लोकांनी पाहिली. पहिल्या चार्ल्स राजाने ऑक्सफर्डहून माणसं चौकशीला पाठवली, त्यांनीही पाहिली, आणि एजहिललाच मारला गेलेला राजाचा निशाणबरदार सर एडमंड व्हर्नी त्यांना त्यात ओळखू आला, असं त्या पत्रकात आहे. शंका घेणारा इथे दोन गोष्टी पाहतो. पुरावा म्हणून छापील पत्रक आहे, आणि ते यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत निघालं आहे, जेव्हा दोन्ही बाजू देव आपल्याकडे असल्याचं दाखवायला रोज काहीबाही छापत होत्या. मला मात्र याहून वेगळीच एक गोष्ट जास्त हलवते. व्हर्नीचा देह कधी मिळालाच नव्हता.

इथून मी पानिपतावर येतो, कारण मराठी माणसाच्या मनात रणांगण म्हटलं की तेच येतं. १४ जानेवारी १७६१. एका दिवसात हजारो माणसं पडली आणि दुसऱ्या दिवशी पकडलेल्यांची कत्तल झाली. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा सांकेतिक भाषेत ती बातमी दक्षिणेत आली. त्या खुर्द्याला, म्हणजे साध्या सैनिकांना, ना अग्नी मिळाला ना दगड. हिशोबाने पाहिलं तर भारतातली सगळ्यात मोठी भुताटकी तिथे असायला हवी.

मी तिथे एका हिवाळ्यात गेलो आहे. 'काला आम' म्हणतात त्या जागी आता विटांचा स्तंभ आहे, आंब्याचं झाड कधीच गेलं. रक्त पिऊन झाड काळं पडलं अशी कथा सांगतात, पण जुना, दाट आंबा लांबून तसाही काळाच दिसतो. सभोवती शेती आहे. रात्री गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, काही दिसतं का, ऐकू येतं का? त्याला आधी माझा प्रश्नच कळला नाही. मग तो नीलगायींबद्दल बोलायला लागला, त्या पीक खातात म्हणून.

पानिपताहून परत आलं ते वेगळंच काहीतरी. भाऊसाहेबांचा देह ओळख पटवून जाळला असं अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरचा काशीराज पंडित लिहितो, पण पुण्यातल्या कुणी ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. काही वर्षांनी एक माणूस मीच भाऊ म्हणत उभा राहिला. त्याला कैदेत टाकलं, तो सुटला, कोकणात हजारो लोक त्याच्यामागे गेले, किल्ले त्याच्या ताब्यात आले, आणि शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. एवढी माणसं मूर्ख होती असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं आणि राखही आली नाही, त्यांना एक जण तरी परत यायला हवा होता. भुतावरचा विश्वास कुठून येतो असं मला कुणी विचारलं तर मी तोतयाकडे बोट दाखवतो.

आणि शनिवारवाडा, कारण कुणीतरी त्याचं नाव काढेलच. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणरावांना मारलं, आणि 'काका, मला वाचवा' ही हाक अजून ऐकू येते म्हणतात. ज्या दालनांत हे झालं ती १८२८ च्या आगीत जळून गेली, आज तिथे जोती आहेत. त्याच दिवशी धन्याला वाचवताना चाफाजी टिळेकरही मारला गेला, दासी मेल्या. त्यांचा आवाज आल्याचं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. पानिपतावर हजारो मेले तिथे शांतता, आणि इथे एकाच पेशव्याची हाक! आवाज मेलेल्यांचे असते तर त्यांनी असं माणूस पाहून यायचं ठरवलं नसतं. आपल्याला ज्यांची गोष्ट पाठ आहे त्यांचेच आवाज आपल्याला येतात.

मित्राशी भांडू नका. त्याला सांगा, पुढच्या वेळी त्याच जागी दुपारीही अर्धा तास उभा राहा आणि दोन्ही वेळा फोनवर रेकॉर्डिंग कर. पाऊस जोरात असेल तर रात्री ओढ्यात उतरू नका. पाणी अचानक वाढतं आणि शेवाळलेल्या कातळावरून पाय जातो, तिथला खरा धोका हा आहे. रेकॉर्डिंगमध्ये पाण्याच्या आवाजापलीकडे काही मिळालं तर इथेच टाका, मी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकेन.