एजंटच्या हाती किती किल्ल्या?

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे. पोरानं संगणकावर एआय एजंट बसवला. तो ईमेल वाचते, बिलं बनवते, फायलीही पुसू शकते म्हणे. भाऊ, याला आवरायचं कसं?
– एक दुकानदार, नागपूर

उत्तर : काकाजी, एजंटला ‘जपून वाग’ एवढं लिहून भागत नाही. ईमेलमध्ये कोणी छुपी सूचना पेरली, तर एजंट तिलाच तुमचा हुकूम समजू शकतो. आधी सगळं बंद करा, मग लागेल तेवढंच उघडा. बिलं वाचणं खुलं, पाठवणं तुम्हाला विचारून, पुसणं बंद. क्लॉड कोड या एआय एजंटसारख्या साधनात परवानगी, विचारणा, मनाई असे नियम लावता येतात. मनाई सर्वांवर भारी. पण खरी गोम टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम देण्याच्या खिडकीत! ते सरसकट खुलं असेल, तर फायली तिथूनही पुसल्या जातात. एजंटला संगणकावर कमी अधिकारांचं वेगळं खातं द्या. बँकेचा पासवर्ड? मुळीच नाही.