टायबेरियसला अडवलं ते ट्रिब्यूननेच

प्रश्न : प्राचीन रोममध्ये प्लेबियन (जुन्या उमराव घराण्यांबाहेरच्या) लोकांचे ट्रिब्यून (निवडून दिलेले प्रतिनिधी) सेनेटचा निर्णयही रोखू शकत. एवढा अधिकार हाती असताना गरिबांना जमीन देऊ पाहणारा ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकस मारला का गेला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्लेबियन म्हणजे सगळे गरीब, असं तुम्ही धरून चालला आहात. इ.स.पू. 494 मध्ये कर्जाने पिचलेले लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि त्यातून ट्रिब्यून हे पद आलं, हे खरं. पण श्रीमंत प्लेबियनांना हवा होता सत्तेतला वाटा. इ.स.पू. 367 च्या कायद्याने कॉन्सुलपद (रोमचं सर्वोच्च पद) त्यांना खुलं झालं आणि ही घराणी वरच्या पंगतीत जाऊन बसली. खुद्द टायबेरियस प्लेबियनच, पण वडील दोनदा कॉन्सुल आणि आईचे वडील रोमचा कट्टर शत्रू हॅनिबल याला हरवणारे स्किपिओ!

इ.स.पू. 133 मध्ये त्याने मागितलं काय? सरकारी जमीन कुणीही 500 युगेरांहून (सुमारे 300 एकर) जास्त बाळगू नये, उरलेली गरिबांना वाटावी. त्यावर नकाराधिकार वापरला मार्कुस ऑक्टेव्हियसने. तोही ट्रिब्यूनच, आणि प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो, त्याच्याकडेही अशी बरीच जमीन होती. टायबेरियसने त्याला पदावरून काढण्याचा ठराव मतास टाकला. 35 पैकी 17 मतदार-गटांची मतं ऑक्टेव्हियसच्या विरोधात गेल्यावर त्याने मतदान थांबवलं, ऑक्टेव्हियसला मिठी मारून विनवण्या केल्या. ऑक्टेव्हियसचे डोळे भरून आले म्हणे. पण घोळक्याने उभ्या असलेल्या जमीनदारांकडे नजर गेली आणि तो माघार घेईना. अठराव्या मताने पद गेलं. माझ्या मते टायबेरियसची सर्वांत धाडसी आणि सर्वांत धोक्याची चाल हीच. ट्रिब्यूनला कुणी हात लावायचा नाही, हा दंडक. तो त्यानेच सैल केला.

मग टायबेरियस पुन्हा ट्रिब्यूनपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. मत द्यायला रोमलाच यावं लागे, आणि त्याचे खेड्यातले पाठीराखे सुगीत अडकलेले! मुख्य पुरोहित स्किपिओ नासिका (टायबेरियसचा मावसभाऊच) सेनेटरांना घेऊन चालून गेला. मोडक्या बाकांचे पाय आणि दांडकी यांनी तीनशेहून जास्त माणसं मारली गेली, त्यात टायबेरियसही.

जमिनीचा कायदा मात्र सेनेटने लगेच रद्द केला नाही. टायबेरियसच्या जागी नवा सदस्य नेमून तीन जणांचं वाटप-मंडळ पुढे चाललं. या मंडळाने रोवलेले हद्दीचे दगड इटलीत सापडले आहेत. नासिकावर लोक इतके भडकले की सेनेटने त्याला कामाच्या निमित्ताने आशियात (आजच्या तुर्कस्तानात) धाडलं. तो तिकडेच वारला.