इंजिन खोलायचं, की नव्या गाडीचा हप्ता बांधून घ्यायचा?

प्रश्न फैजपूरजवळच्या एका केळी उत्पादक वाचकाचा. ऑक्टोबर 2012 ला नोंदणी झालेली 1.2 लिटरची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, 96,000 किलोमीटर. उभी असली की थरथरते, एसी लावला की कधी कधी बंदच पडते. गॅरेजवाल्याने 'इंजिन खोलावं लागेल' म्हणून 38,000 सांगितले. शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये तिचे 1,10,000 धरतो. पत्नीची नोकरी भुसावळला, पगार 28,000, ये-जा याच गाडीने. दीड लाखाची एफडी मोडून आणि 6 लाखांचं कर्ज काढून नवी घ्यावी का?

भाऊ, आज नवी घेऊ नका. आणि ते 38,000 सुद्धा देऊ नका. इंजिन खोलायचं म्हणणाऱ्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, किती आलं ते सांगितलेलं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. तो आकडा नसेल तर इस्टिमेट अंदाजपंचेच.

आधी कर्जाचं बघू. 6 लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता साधारण 12,600 आणि एकूण व्याज दीड लाखाच्या वर. पगाराचा 45 टक्के हिस्सा पहिल्याच आठवड्यात गेला. बागेचा पैसा कटाई झाली की येतो, बँक मात्र दर महिन्याला मागते. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की तो हप्ता कुठून भरणार? एफडी मोडण्याला तर माझा साफ नकार आहे. दोन एकरांत पाच बाय सहा फुटांच्या अंतराने केळीची 2,900 रोपं लागतात. रोप पंधरा-वीस रुपयांचं धरलं तरी पन्नास हजारांच्या आसपास नुसत्या रोपांतच जातात. ती एफडी त्यासाठी आहे. सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे शोरूमवाला सांगेल, आणि ते खरं आहे. पण स्वस्त झाली म्हणून हप्ता परवडतो असं होत नाही.

आता गाडी. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे आणि दोष सापडला की थांबायचं. (खाली दिलेले दर ढोबळ आहेत, गॅरेजप्रमाणे बदलतील.)

इंजिन गरम करून, एसी बंद ठेवून आरपीएमचा काटा बघा. 700-800च्या आसपास एका जागी आहे आणि तरी स्टीअरिंग थरथरतंय, तर बहुतेक माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्याचं, रबर बसलंय. एक माउंटिंग दीड-दोन हजार. काटा हलत असेल तर गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, किंवा हवेची गडबड आहे. मग स्कॅनर लावा, 500 रुपये. पी0301 ते पी0304 यातला कोड आला तर शेवटचा आकडा म्हणजे त्या नंबरचा सिलिंडर. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल प्रत्येक प्लगवर वेगळी असेल तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर बसवून पुन्हा चालवा. कोड कॉइलसोबत सरकला तर कॉइल गेली, दोन हजार. जागेवरच राहिला तर प्लग बदला, चारही. प्लग काढताना तो बसतो त्या खोल भोकात तेल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंगही बदला, नाहीतर नवी कॉइलही टिकायची नाही.

एसीवर बंद पडते म्हणून माझा पहिला संशय मात्र थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेवर आहे. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिनला थोडी जास्त हवा लागते. काजळी धरली की ती मिळत नाही आणि आरपीएम कोसळतो. सफाई हजाराच्या आत. सफाईनंतर स्कॅनरने आयडल (गाडी उभी असतानाचा वेग) रीसेट करून घ्या, नाहीतर रेस वर-खाली होत राहते. एअर फिल्टरही त्याच वेळी बघा, शेतरस्त्याच्या धुळीत तो लवकर भरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हॅक्युमच्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, तिथून फुसफुस आवाज येतो. नळी शंभर-दोनशेची, पण शोधायला वेळ लागतो म्हणून कुणी शोधत नाही. गाडी खळ्यात उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही पाहा.

एवढं करूनही मिसिंग राहिलं तर कॉम्प्रेशन टेस्ट, 800-1,000 रुपये. चारही सिलिंडर दहा टक्क्यांच्या फरकात असतील तर त्या दुखण्यासाठी इंजिन उघडण्याचं कारण नाही, इंजेक्टर तपासा. एखादा बराच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. रिंगांचं निघालं तर खर्च करू नका, आहे तशी विका.

तपास लांबवू मात्र नका. मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. मग खर्च हजारांवरून दहा हजारांच्या घरात जातो.

माझी मर्यादा 12,000. त्यात गाडी सुधारली तर ऑक्टोबर 2027 पर्यंत वापरा. तेव्हा पंधरा वर्षं भरतील: फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर असा खर्च येईल, म्हणून विकायचीच असेल तर त्याच्या सहा महिने आधी विका. तोवर दरमहा 6,000 आवर्ती ठेवीत टाका आणि कटाईच्या पैशातून जमेल तेवढी भर घाला. इतकी वर्षं हप्ता नसताना दरमहा 6,000 बाजूला पडत नसतील, तर 12,600 कसे पडतील हे कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी दोघांनी बसून मांडा.