वाचक विचारतात: व्हिलनला शेवटी मारायलाच पाहिजे का?

प्रश्न: मी हौसेखातर कथा लिहिते. एका कथेत थोरला भाऊ धाकट्याची खोटी सही करून जमीन लाटतो आणि शेवटी ट्रकखाली येतो. मैत्रीण म्हणते, फारच फिल्मी झालं. मग काय, त्याला मोकळा सोडू?

उत्तर: मोकळा कशाला सोडताय, पण त्या ट्रकचा आणि सहीचा संबंध काय ते सांगा ना! ट्रक सज्जन माणसालाही उडवतो. फ्रेंच लेखक मोपासाँची १८८४ची कथा 'नेकलेस' बघा, मतिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार पार्टीला मागून नेते, तो हरवतो, आणि खरं सांगायचं सोडून नवरा-बायको वारशाचे १८ हजार फ्रँक आणि वर तेवढंच कर्ज घालून तसाच हार गुपचूप परत करतात, मग मोलकरणीला काढून, स्वतः भांडी घासत, बाजारात पै-पैसाठी हुज्जत घालत १० वर्षं फेडत बसतात. शेवटी कळतं की मूळ हार नकली, फार तर ५०० फ्रँकचा. तिला कुणी शिक्षा दिलीच नाही, एक वाक्य बोलायची लाज वाटली त्याचं बिल आलं. कथा तिथेच थांबते, रडणं-बिडणं काही नाही, मला तर तेच बेस्ट वाटतं.

तुमच्या थोरल्याचं बिलही सहीतूनच काढा. समजा त्याला कर्जाला जामीनदार हवाय आणि धाकट्याशिवाय कुणी उरलं नाही. धाकटा पेन पुढे सरकवतो, "दादा, तूच कर की, तुला जमते माझी सही." पण हा सीन मध्यावर घ्या, म्हणजे पुढे थोरल्याला धाकट्यासोबत त्याच घरात राहावं लागेल.