दमदार गाडीला टायर कुठले घालायचे? वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आलाय त्यामुळे या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न टायरचेच आहेत, त्यातले चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यातल्या गोष्टी बाकीच्यांनाही लागणारच आहेत.

प्रश्न (नाशिक): माझी २०२२ ची एक्सयूव्ही ७०० आहे, एएक्स ७ डिझेल ऑटोमॅटिक. ४८ हजार किमी झालेत, टायर अजून कंपनीचेच, २३५/६० आर १८. दीड-दोन महिन्यातून एकदा समृद्धीने नागपूरला सासरी जाणं होतं, आईबाबा, बायको, दोन मुलं आणि डिकीभर सामान. दुकानदार म्हणतो अजून १० हजार आरामात चालतील. भाचा म्हणतो बदलायचेच आहेत तर २५५ चे एटी टाका, गाडी भारी दिसेल. काय करू?

उत्तर: दादा, दुकानदाराचं आणि भाच्याचं नंतर बघू, आधी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीशेजारी खाली बसा. टायरच्या साइडवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे दिसतील. समजा ४८२१ असेल तर तो टायर २०२१ च्या ४८ व्या आठवड्यात बनलाय. बाहेरच्या बाजूला अर्धीच ओळ असेल आणि हे आकडे नसतील तर आतल्या बाजूने बघावं लागतं. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या मोठ्या खाचांमध्ये बघा, तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी घासत घासत त्या उंचवट्यांच्या लेव्हलला आली की १.६ मिमी उरली असं समजायचं आणि कायद्याने टायर तिथे संपला. पण माझं प्रामाणिक मत सांगतो, पावसासाठी तो त्याच्या आधीच संपलेला असतो. नव्या टायरला साधारण ८ मिमी खोल खाच असते आणि तिचं काम एकच, चाकाखालचं पाणी बाजूला काढणं. ३ मिमीच्या खाली आलं की पाणी बाजूला व्हायला फार कमी जागा उरते, वेगात टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि मग ब्रेक कितीही चांगले असोत, काही उपयोग नाही. जुलैमध्ये कसाऱ्याला उतारावर पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला आणि गाडी ब्रेकच्या एबीएस यंत्रणेची खरखर करत सरळ पुढे जात राहिली. थांबली, पण ट्रकचा मागचा फाळका एका हाताच्या अंतरावर होता आणि मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली होती. घरी येऊन खाचेची खोली मोजायचं गेज लावलं तर पुढे २.२ मिमी. कायद्यात बसत होते ते टायर. त्या दिवसापासून मी ३ मिमीला टायर बदलतो, आणि घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो.

१० हजार आरामात चालतील म्हणणारा माणूस कोरड्या रस्त्यावरचं बोलतोय. तुमच्या गाडीला १८५ पीएस आणि ४५० एनएम टॉर्क आहे, गाडी रिकामीच पावणेदोन टनाच्या पुढे, त्यात सहा माणसं आणि सामान, आणि हे सगळं रस्त्याला धरून ठेवणारी जागा किती तर प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढी. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि ८० च्या मानाने १२० ला गाडीत सव्वादोन पट ऊर्जा असते, ती सगळी ब्रेक मारल्यावर त्या चार तळहातांतूनच जिरवायची असते. म्हणून ताकदीच्या गाडीला टायर निवडताना ती पळेल किती हे मी बघतच नाही, ओल्या रस्त्यावर थांबेल किती लवकर हे बघतो. पळवायला इंजिन आहेच.

आता २५५ चं. २३५/६० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २३५ मिमी, बाजूची भिंत (साइडवॉल) रुंदीच्या ६० टक्के उंच आणि रिम १८ इंची. तुमच्या चाकाचा व्यास साधारण ७३९ मिमी, २५५/६० चा होतो ७६३, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त फरक, काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर १०३ ला असेल. चाक जड झाल्याने पिकअप आणि मायलेज जाईल ते वेगळंच. आणि एटी म्हणजे ऑल टेरेन, हा माती-दगडाचा टायर आहे, मोठे ठोकळे, डांबरावर आवाज करतो आणि ओल्या काँक्रीटवर चांगल्या हायवे टायरइतका धरत नाही. शेतावर रोज जाणं असतं तर मीच एटी सांगितला असता. तुमचं काम हायवेचं आहे, २३५/६० आर १८ मध्येच एचटी (हायवे टेरेन) किंवा टूरिंग प्रकारचा टायर घ्या.

साइजच्या पुढचे आकडे लोक वाचतच नाहीत, ते वाचा. १०३ लिहिलं असेल तर एका टायरवर ८७५ किलो भार चालतो, १०७ असेल तर ९७५. पुढचं अक्षर वेगाचं, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. कंपनीच्या टायरवर जे आहे त्याच्या खाली कुठलाच आकडा जाऊ द्यायचा नाही, वर गेला तर हरकत नाही. ब्रँड कुठला म्हणाल तर त्याच साइजमध्ये अपोलो, सीएट, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेंटल, मिशेलिन यांचे जे मिळतील त्यांचे भाव काढा, पण भारी ब्रँडचा दोन वर्ष गोडाऊनमध्ये पडलेला माल घेण्यापेक्षा साध्या ब्रँडचा ताजा टायर मी घेईन. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे बाहेरून येणारे साइज कधी मिळतात कधी नाही आणि तिथेच जुना माल गळ्यात मारला जातो. मला एका दुकानात चारपैकी एक टायर दोन वर्ष जुना लावून दिला होता, घरी आल्यावर आकडे वाचले तेव्हा कळलं. तेव्हापासून टायर रिमवर चढायच्या आधी चारही आकडे स्वतः वाचतो, तुम्हीही वाचा, लाजायचं काही कारण नाही. आणि कोणी जुने भाव सांगितले तर लक्षात घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं, हवा. समृद्धीवर टायर फुटले की लोक काँक्रीटला शिव्या देतात, पण बऱ्याचदा घोळ असतो कमी हवेचा. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते, १२० च्या स्पीडला तासन्‌तास न थांबता हे चालू राहिलं आणि वर विदर्भातलं मे महिन्याचं ऊन असलं की आतलं जोडकाम सुटायला लागतं आणि मग टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर नागपूरला निघताना तो घ्यायचा. हवा सकाळी टायर गार असताना तपासा. वाटेत थांबल्यावर प्रेशर तीन-चार पीएसआय वाढलेलं दिसेल, ते वाढणारच, वाढलं म्हणून हवा काढू नका, नाहीतर गार झाल्यावर तीच कमी भरते. नायट्रोजन असला तर उत्तम, पण वातावरणातल्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे नायट्रोजन भरलाय म्हणून तपासायचं सोडू नका.

प्रश्न (कोल्हापूर): आमची स्लाविया १.५ टीएसआय आहे, २०५/५५ आर १६. मिस्टरांना १७ इंची अलॉय टाकायचेत, २२५/४५ आर १७ सह. गाडी रस्त्याला जास्त धरेल म्हणतात. मुलांना घेऊन आंबोली, गगनबावडा असं फिरणं असतं. टाकावेत का?

उत्तर: ताई, हिशोबाने साइज बरोबर आहे, व्यास ६३२ चा ६३४ मिमी होतो, काट्यात फरक पडणार नाही. १५० पीएसच्या गाडीला रुंद टायरने कोरड्या वळणावर फायदाही होईल. पण टायरची भिंत ११३ मिमीवरून १०१ वर येते. हा जो सव्वा सेंटिमीटर गेला ना, तो खड्ड्यात रिम वाचवणारा सव्वा सेंटिमीटर होता. पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं, आणि तेव्हा एकतर साइडवॉलला फुगा येतो नाहीतर रिम वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. शिवाय मॅन्युअलमध्ये नसलेला साइज टाकला तर वॉरंटी आणि इन्शुरन्सच्या वेळी वाद होऊ शकतो. मिस्टरांना सांगा अलॉयचे पैसे वाचवा आणि त्यातून १६ इंचीच चार उत्तम टायर घ्या, गाडी धरेल ती त्याने.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी): गेल्या वर्षी इथे आलो, सेकंडहँड ऑक्टाविया आरएस कॉम्बी घेतलीये. टायरवर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेलं आहे, हिवाळ्यात चालतील का?

उत्तर: नुसत्या एम+एस वर नाही चालणार. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे बर्फाच्या परिस्थितीत तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर कायद्याने ग्राह्य धरतात, नसतील तर ६० युरो दंड आणि ड्रायव्हरच्या नोंदीत एक पॉइंट. हिवाळी टायर ऑक्टोबर ते ईस्टर असा तिथला साधा ठोकताळा. तुमची गाडी आरएस म्हणजे ताकदीचं मॉडेल आहे, फोर बाय फोर नसेल तर सगळा टॉर्क पुढच्या दोन चाकांवर येतो आणि ७ अंशांच्या खाली उन्हाळी रबर कडक होतं, त्यामुळे सिग्नलला निघतानाच चाकं फिरायला लागतील. ऑल सीझनवर भागवण्यापेक्षा वेगळा हिवाळी सेट रिमसकट घ्या, आणि ४ मिमीला बदला.

प्रश्न (रत्नागिरी): पुढचे दोनच टायर गोटा झालेत, मागचे ५ मिमी आहेत. बजेट दोनचंच आहे. नवे पुढेच टाकू ना?

उत्तर: नाही, नवे मागे टाका आणि मागचे ५ मिमीवाले पुढे घ्या. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि घाटातल्या वळणावर ती सावरायला वेळच मिळत नाही. दुकानात ऐकणार नाहीत, पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढेच असं सांगतील, तुम्ही ठाम राहा. दोन्ही नवे एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर मात्र दोनवर भागवू नका, मॅन्युअलमध्ये पुढच्या-मागच्या टायरमध्ये किती फरक चालतो ते आधी बघा.