बँक गेली, बोजा राहिला

कोरेगावहून एक पत्र आलंय. 2024 च्या दिवाळी पाडव्याला, 2 नोव्हेंबरला, साताऱ्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून पत्र लिहिणाऱ्यांनी डिझेल स्कॉर्पिओ घेतली. डिसेंबर 2005 ची, एमएच-11 पासिंग, किंमत 2 लाख 35 हजार. मूळ मालक वाईचे, वय 78, हल्ली पुण्यात मुलाकडे असतात. गाडी मिळाली, आरसी मिळाली, सह्या केलेले मालकी बदलाचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्मही मिळाले. नाव मात्र चौदा महिने झाले तरी चढत नाही. एजंट म्हणतो, आरसीवर युनायटेड वेस्टर्न बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, आहे, तो कट झाल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाही. डीलर म्हणतो, "अहो, ती बँकच राहिली नाही, आता कुणाचा बोजा?" विचारलंय ते असं: डीलरवर 420 लावता येईल का, आरटीओवर केस करता येईल का, आणि डिसेंबर 2025 ला आरसीची मुदतही संपली, त्याचं काय?

पत्राचं दीड पान गाडीच्या तपासणीवर आहे. कराडचा मिस्त्री नेला, त्याने गाडी लिफ्टवर चढवली, टर्बो, इंजेक्टर, चासीचा गंज, फोर बाय फोरचा लिव्हर सगळं अर्धा दिवस पाहिलं. चांगलं केलंत. त्यावर मी बोलणार नाही, तो मिस्त्रीचा प्रांत. चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवला का, ते मात्र लिहिलेलं नाही. उद्या जुळवा. कोरेगावात अर्धा गुंठा जागा घेताना तुम्ही सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना चार जणांना दाखवला असता. गाडीच्या आरसीवरही तसाच रकाना असतो, आणि गाडीचा नंबर एमपरिवहन ऍपवर टाकला तर फायनान्सरचं नाव मोबाइलवर दिसतं. मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसापुढे हे दोन मिनिटांचं काम होतं. मला महिन्याला अशी दोन-चार पत्रं येतात आणि प्रत्येकात इंजिन उत्तम असतं.

तुमचं सगळं प्रकरण मोटार वाहन कायद्याच्या एका ओळीवर अडलंय: कलम 51, पोटकलम 4. आरसीवर ज्या फायनान्सरचं नाव आहे त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद करता येत नाही. कर्ज फिटलंय की नाही हे ते पोटकलम विचारतच नाही, नोंद आहे का एवढंच विचारतं. त्यामुळे आरटीओतला कारकून तुम्हाला छळत नाहीये, त्याचे हात बांधलेले आहेत. त्याच्यावर केस करून काही निघणार नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालंय, मुंबईची वारी वाचली हे खरं. म्हणून उठसूट रिट करायची नसते. बँकेने लेखी नकार दिला किंवा अर्ज पोटाशी धरून बसली, तर पाहू.

आता डीलरच्या त्या वाक्याकडे येतो. युनायटेड वेस्टर्न ही साताऱ्याची बँक. इथल्या निम्म्या घरांत तिचं पासबुक होतं, तेव्हा तिचं काय झालं हे डीलरला माहीत नसेल असं मी धरत नाही. सप्टेंबर 2006 मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि 3 ऑक्टोबर 2006 पासून ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. विलीन झाली, विरघळली नाही. तिच्या ठेवी जशा आयडीबीआयकडे गेल्या, तशी तिची येणी आणि तिचे बोजेही गेले. लग्नात आडनाव बदललं म्हणून लेकीच्या नावची ठेव कुणी सोडून देत नाही. तेव्हा बोजा उतरवायच्या 35 नंबरच्या फॉर्मवर सही आयडीबीआयने करायची, आणि सोबत विलीनीकरणाच्या अधिसूचनेची प्रत जोडायची, म्हणजे आरसीवर एक नाव आणि फॉर्मवर दुसरं का, हा प्रश्न खिडकीवर उठत नाही.

तुम्ही लिहिता, कर्ज 2010 लाच फिटलं असणार, नसेल फिटलं तरी आता मुदतबाह्य झालं. 'असणार' हा शब्द वकिलाला पत्रात लिहू नये. आणि मुदतबाह्य झाल्याने बँकेचा दावा लावायचा रस्ता बंद होतो, आरसीवरची नोंद पुसली जात नाही. ती पुसायला कागदच लागतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही मलाही पाठवल्या आहेत. पहिली, बँकेने सात दिवसांत एनओसी दिली नाही तर ती दिली असंच धरतात. हे कायद्यात आहे, कलम 51 च्याच पोटकलम 7 मध्ये. पण ते पोटकलम 6 मधल्या कामांसाठी आहे: डुप्लिकेट आरसी, परमिटचं नूतनीकरण, दुसऱ्या राज्यात नवा नंबर घेणं, अशा. मालकी बदल त्या यादीत नाही. दुसरी, कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत बोजा उतरवला नाही तर बँकेला दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. तेही खरं, रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक आहे. फक्त ते 1 डिसेंबर 2023 पासून पुढे ज्यांचे कागद परत करायची वेळ येते त्यांना लागू. 2010 ला फिटलेलं कर्ज त्यात बसत नाही. रोज 5,000 चा हिशेब तुम्ही करून ठेवला असेल, तो मोडा.

मग हातात काय उरतं? वाईचे ते गृहस्थ. बँकेच्या लेखी तुम्ही कोणीच नाही, खातेदार ते. अर्ज त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने जायला हवा. 35 नंबरच्या फॉर्मवरही बँकेच्या जोडीला त्यांची सही लागते. आरटीओचं बरंचसं काम आता ऑनलाइन, तेव्हा ओटीपीही बहुधा त्यांच्याच मोबाइलवर येणार. आणि चौदा महिन्यांत तुम्ही त्यांना एकदाही भेटला नाहीत! डीलरने घेऊन ठेवलेल्या सह्यांवर तुम्ही विसंबलात. माणूस 78 वर्षांचा आहे, हे तुम्हीच लिहिलंय. उद्या त्यांचं बरंवाईट झालं तर त्या 29-30 च्या फॉर्मचा उपयोग संपला. मग 31 नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती, आणि त्यातला एखादा वारस परदेशात निघाला की तुमची आणखी दोन वर्षं गेली. कोर्ट तुम्हाला थांबवायच्या आधी ही एक सही तुम्हाला थांबवेल.

ते मदत का करतील, अशी तुम्हाला शंका आहे. करतील, कारण अडकलेत तेही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की गाडी कितीही हातांतून फिरली तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. म्हणजे तुम्ही खंबाटकीत कुणाला धडक दिली तर नोटीस पुण्याला जाणार. हे त्यांच्या मुलाला शांतपणे सांगा. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. विक्री झाल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचंही कर्तव्य होतं, तेव्हा हात झटकायला त्यांनाही फारशी जागा नाही.

तेव्हा पुण्याला जा. त्यांच्या घरी जुनी फाइल असेल तर कर्जखात्याचा नंबर, शेवटच्या हप्त्याची पावती, पासबुकाचं पान, जे मिळेल ते घ्या. त्या पिढीतली माणसं कागद टाकत नाहीत, हा तुमचा मोठा आधार. मग आयडीबीआयच्या साताऱ्यातल्या शाखेत त्यांच्या सहीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. इतक्या जुन्या कर्जाबद्दल कुठल्याही बँकेत 'सिस्टीममध्ये दिसत नाही' असं तोंडी उत्तर मिळू शकतं. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. दिसत नसेल तर 'आमच्या नोंदीनुसार येणं नाही' हेच लेखी मागा, कधी कधी त्यावरच काम होतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, तीही त्यांच्याच नावाने. फॉर्म 35 हातात पडला की कपाटात ठेवू नका, पुष्कळ बँका त्यावर मुदत छापतात. त्याच आठवड्यात आरटीओ गाठा. एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटी, बसवली नसेल तर ती त्याआधी.

आरसीच्या मुदतीचं: नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत करायचा असतो. ते तुम्ही चुकवलंत. आता उशिराचा आकार पडेल, पर्यावरण कर भरावा लागेल, आणि गाडी 20 वर्षांवरची झाल्यामुळे ऑगस्ट 2025 पासूनची नवी फी लागेल, हलक्या मोटारीला 10,000 रुपये आणि वर जीएसटी. 2 लाख 35 हजारांच्या गाडीवर हे सगळं करावं का, हा हिशेब तुमचा. मी असतो तर एकदा पेन घेऊन बसलो असतो. एचपी असताना नूतनीकरण होतं का, तर माझ्या वाचनात कायद्याची त्याला आडकाठी नाही, तरी खिडकीवर एनओसी मागतीलच, म्हणून आधी एचपी कट करा आणि मग पुढचं.

आणि तोवर गाडी शेडमध्ये लावा. "परवाच पालीच्या यात्रेला नऊ जण जाऊन आलो, गाडी झकास चालते," हे तुमचं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. नोंदणी संपलेली गाडी, विमा दुसऱ्याच्या नावावर, आत नऊ माणसं. कलम 157 मुळे गाडीसोबत थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे आला असं धरतात, हे खरं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते कलम उपयोगी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलंय. आणि नोंदणीच संपलेली असेल तर विमा कंपनी हात वर करेल की पैसे भरून मागाहून वसुलीला येईल, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. प्रयोग करून पाहण्यासारखी ती गोष्ट नाही.

राहिला डीलर. 420 आता 420 राहिलेलं नाही, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 318 झालं. पोलीस स्टेशनला बहुधा 'दिवाणी बाब आहे' असं उत्तर मिळेल, आणि या एका बाबतीत ते अगदीच चूक नसेल. तो बोजा आरसीवर छापलेला होता, तुम्ही ती वाचली नाहीत, त्याने लपवला असं सिद्ध करणं कठीण. ग्राहक आयोगाचा रस्ता बरा. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. पण दोन वर्षांची मुदत आहे, तिला 2 नोव्हेंबर 2026 धरून चाला. तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो. मी तीन महिन्यांत साधी नोटीस बजावून झालेली पाहिली तरी खूश होतो.

तुमच्या तक्रारीतला कच्चा दुवा वेगळाच आहे. 500 च्या स्टँपवरच्या नोटरी कागदात लिहून देणार म्हणून नाव मूळ मालकाचं आहे, डीलरचं कुठेच नाही. तो म्हणेल, मी मध्यस्थ. 1 लाख 85 हजार रोख दिलेत, पावती नाही. वाचवलंय ते तुम्ही डीलरच्या खात्यावर मोबाइलवरून पाठवलेल्या 50 हजारांनी. ती नोंद बँकेतून शिक्का मारून आजच घ्या. त्याच्याकडे आरटीओचं डीलर म्हणून अधिकारपत्र आहे का, हेही लेखी विचारा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला ते लागतं, आणि नसेल तर तुमची बाजू बरीच जड होते. नोटीस मी काढून देईन, पण पुण्याहून परत आल्यावर. आधी नाही, कारण नोटीस मिळाली की डीलर त्या म्हाताऱ्या गृहस्थांना पहिला फोन करेल.

ताजा कलमात तुम्ही विचारता, तासगावचे मेव्हणे याच डीलरकडून 2006 ची बोलेरो घेतायत, आरसीवर सांगली बँकेचं नाव आहे, टोकन म्हणून 25 हजार द्यावेत का? सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. डीलरला म्हणावं, तिथून 35 नंबरचा फॉर्म आण, आरसीवरून नाव उतरव, मग टोकन घे. मेव्हण्यांना आज रात्रीच फोन करा.